नचिकेत्याची खेळणी

मनुष्यास रिकामे बसवत नाही. लहान मुलास तर क्षणभरही नाही. कर्मावाचून कोणीही क्षणमात्र राहू शकत नाही, हे भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील प्रतिपादन पटण्यास मोठ्या भाष्याची जरुरी नाही. पाच-सहा वर्षांचे एखादे मूल दिवसभर घरात ठेवून पाहावे, म्हणजे पुरे. म्हणूनच मुलांस कशात तरी गुंतवून ठेवावे, हे घरोघरचे जुने सूत्र आहे. परंतु हे गुंतविणे कोणासाठी असते? मुलासाठी, की आपणासाठी? २०२०-२१ च्या हिवाळ्यात, महामारीच्या दिवसांत, हा प्रश्न आमच्याच घरात अकस्मात उभा राहिला. त्याचा विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. तेव्हा शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. जे घडले व त्यावरून जे सुचले, ते लिहीत आहोत.

तो हिवाळा वाचकांच्या स्मरणात असेलच. मार्च २०२० च्या अखेरीस सुरू झालेली टाळेबंदी एव्हाना शिथिल झाली होती. बाजार उघडले होते, गाड्या थोड्याबहुत धावू लागल्या होत्या. पण रोग गेला नव्हता. दिवाळीच्या पाठोपाठ, नोव्हेंबर महिन्यात, आमचे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ इत्यादी शहरांत रात्रीची संचारबंदी पुनः लागू झाली. दहावी-बारावीचे वर्ग डिसेंबरात भरू लागले. परंतु पहिली ते आठवीच्या मुलांच्या शाळा त्या सबंध हिवाळ्यात उघडल्या नाहीत. त्यात भर ग्वाल्हेरच्या थंडीची. सकाळी उशिरापर्यंत धुके, संध्याकाळी पाचानंतर गारठा. उन्हाळ्यात मुले निदान गच्चीवर तरी जात. थंडीने तीही वाट बंद केली. चार भिंतींच्या आत आजी-आजोबांपासून रांगत्या बालकापर्यंत सर्वांनी एकत्र कोंडून राहावे, अशी ती स्थिती होती.

अशा वेळी घरोघर जे प्रयत्न झाले, त्यांचे कौतुक केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आमच्या प्रांताच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० पासून घरालाच शाळा मानण्याची योजना काढली होती. सकाळी दहा वाजता पालकांनी थाळी वाजवावी, म्हणजे घरातील शाळा भरली; आणि संध्याकाळी सात वाजता वडीलधाऱ्यांनी मुलांना गोष्टी सांगाव्यात, असा त्यातील परिपाठ होता. कित्येक घरी माळ्यावरचे सागरगोटे, सारीपाट खाली आले. सापशिडीचे फाटके पट चिकटवून पुनः उपयोगात आले. इंदूरचे मामा, बडोद्याची आत्या व ग्वाल्हेरची भाचरे यांच्या मोबाइलवरून भेंड्या रंगल्या. ज्या मातांनी आयुष्यात कधी सुई हाती धरली नव्हती, त्या मुलींना घेऊन लोकर विणू लागल्या. या सर्व गोष्टींनी त्या दिवसांचा भार हलका केला, हे निर्विवाद आहे.

तथापि, त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सर्रास घडत होती. मूल रडू लागले, दे मोबाइल. मूल प्रश्न विचारू लागले, दे मोबाइल. मूल खिडकीशी गप्प उभे राहिले, तरी दे मोबाइल. शाळाही त्याच काचेतून, खेळही त्याच काचेतून, आणि समजूतही त्याच काचेतून. यात दोष कोणाचा, हे इतरांकडे बोट दाखवून सांगण्यापेक्षा आमच्या घरचीच हकीकत सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मंदिराचे पुजारी आहेत. आमचे घर मंदिराच्या आवारातच आहे. आमच्या ओसरीवरून विठ्ठल-रखुमाईच्या गाभाऱ्याचे दार दिसते. अण्णांच्या मातोश्री, ज्यांना घरादाराने आजी म्हणावे, सप्टेंबर २०२० मध्ये या रोगाने वारल्या. रुग्णवाहिका आली, आजी स्वतःच्या पायांनी तीत चढल्या, आणि नवव्या दिवशी निरोप आला. अंत्यविधीस अण्णा व आमचे दादा दोघेच गेले. घरात ना देह आला, ना शेवटचे दर्शन झाले, ना चार माणसे रडावयास जमली. ज्या अण्णांनी इतकी वर्षे इतरांच्या घरचे उत्तरकार्य यथासांग पार पाडले, त्यांना स्वतःच्या आईचे कार्य जेमतेम आटोपावे लागले.

आमचा पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा होता. नात्याने ती त्याची पणजी. परंतु तो निजे तिच्याच रजईत, आणि गोष्ट ऐके तिच्याच तोंडून. आजी कोठे गेली, असे त्याने विचारले तेव्हा, आम्हीच त्याला सांगितले, "आजी देवाघरी गेली." कित्येक मराठी घरांत मुलांना असेच सांगतात. आम्हास वाटले, काम झाले. त्यानंतर तो रोज तिन्हीसांजेस ओसरीच्या टोकाशी जाऊन गाभाऱ्याच्या दाराकडे पाहत उभा राही. आम्ही समजत होतो, मूल कंटाळले आहे. लगेच कोणी तरी हाक मारी, हाती मोबाइल देई, आणि चित्रातील उंदीर-मांजरांच्या पाठलागात तो गुंतला, की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकीत असू. हे असे तीन महिने चालले. शिक्षण खात्याच्या परिपाठाप्रमाणे संध्याकाळी सातची गोष्ट सांगणारे माणूसच आमच्या घरातून गेले होते. ती सातची वेळ आम्ही मोबाइलने भरून काढली.

डिसेंबरच्या अखेरीस, संक्रांतीच्या तयारीसाठी वहिनी तीळ निवडीत बसल्या होत्या. घरात ते वर्ष शोकाचे असल्यामुळे सण नव्हता; परंतु देवाचा सण थांबत नाही. दर संक्रांतीस विठ्ठल-रखुमाईस हलव्याचे दागिने चढवावयाचे, हा आजींचा नेम होता, आणि तो त्या वर्षी वहिनींनी पत्करला होता. मूल जवळ बसून तिळातले खडे वेचीत होते. एकाएकी ते म्हणाले, "आई, आजीची शाल देवळात नेऊन दे ना. आत फरशी किती गार असते."

वहिनींचा हात थांबला. आम्ही जवळच होतो. हळूहळू विचारता सर्व उलगडा झाला. आजी देवाघरी गेली, म्हणजे समोरच्या देवळात गेली. जून २०२० मध्ये मंदिरे उघडली तेव्हा सरकारी सूचनांचा जो फलक दाराशी लागला, त्यात पासष्ट वर्षांवरील वृद्धांनी व दहा वर्षांखालील मुलांनी घरीच राहावे, असा सल्ला होता. मोठ्या मुलांनी तो वाचून दाखविलेला याने ऐकला होता. त्यावरून त्याने मनाशी असा मेळ घातला होता की, म्हाताऱ्या माणसांस बाहेर पडण्याची बंदी असल्यामुळे आजी गाभाऱ्यात अडकली आहे, आणि लहान मुलांस आत जाण्याची बंदी असल्यामुळे आपणास तिच्याकडे जाता येत नाही. तीन महिने ते मूल रोज सायंकाळी आजींची वाट पाहत उभे राहत होते, आणि तीन महिने आम्ही त्याला उंदीर-मांजरांचा पाठलाग दाखवीत होतो.

त्या रात्री आम्हास कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आठवली. वाचकांस ती परिचित आहेच. पित्याच्या रागाच्या शब्दामुळे तो बालक यमाच्या दारी गेला. यम घरी नसल्यामुळे तीन रात्री उपाशी राहिला. आणि त्याबद्दल यमाने त्याला तीन वर दिले. पहिल्याने त्याने पित्याचे मन शांत व्हावे असे मागितले, दुसऱ्याने अग्निविद्या. आणि तिसऱ्याने विचारले की, माणूस मेल्यावर उरतो किंवा नाही? येथपावेतो मोकळ्या हाताने देणारा यम येथे मात्र थबकला. हे विचारू नकोस, दुसरे काही माग, असे तो म्हणाला. आणि मग त्याने त्या बालकापुढे काय काय ठेवले! शतायुषी पुत्रपौत्र, गुरे, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, रथांत बसलेल्या वाद्ये वाजविणाऱ्या अप्सरा. थोडक्यात, प्रश्न टळावा म्हणून मुलापुढे खेळणी मांडली.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण खेळणी मांडणाराच्या जागी आपण स्वतः उभे आहोत, हे त्या रात्री प्रथम कळले. आचार्यांचे म्हणणे असे की, यमाने नचिकेत्याची परीक्षा पाहिली. यमाची ती परीक्षा असेल. आमची मात्र ती पळवाट होती. यमास उत्तर ठाऊक होते, आणि शिष्य योग्य ठरताच त्याने ते दिलेही. आम्हास उत्तर ठाऊक नव्हते, प्रश्नाचे भय वाटत होते, आणि त्या भयास आम्ही 'मुलाचे मन रमविणे' असे गोंडस नाव दिले होते. नचिकेत्याने खेळणी नाकारली. सहा वर्षांच्या मुलाने ती नाकारावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. ती मांडावयाची किंवा नाही, हे ठरविणे मोठ्यांकडे आहे, आणि म्हणून दोषही मोठ्यांकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारची आरती आटोपून अण्णांनी मुलास मांडीवर घेतले. मंदिरात त्या वेळी कोणी नव्हते. त्यांनी त्याला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन आत कोणी नाही हे दाखविले. मग ते म्हणाले, "आजी आजारी पडली आणि मेली. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, भूक लागत नाही, दुखत नाही. तिचा देह मी आणि तुझ्या बाबांनी अग्नीला दिला. ती आता परत येणार नाही." मुलाने विचारले, "मग आता ती कोठे आहे?" अण्णांनी थोडा वेळ थांबून उत्तर दिले, "देवापाशी आहे, असे शास्त्रात लिहिले आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. मी स्वतः पाहिलेले नाही." मूल पुष्कळ रडले. अण्णाही रडले. आजी गेल्यानंतर आमच्या घरात मोठ्याने रडणे झाले ते त्या दिवशी, साडेतीन महिन्यांनी.

आम्हास असे वाटते की, अण्णांच्या त्या उत्तरात जेवढे सत्य होते तेवढेच मुलास सांगण्याजोगे असते, आणि तेवढे सांगितलेच पाहिजे. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून सांगावे. जो विश्वास आहे तो विश्वास म्हणून सांगावा. आणि जे पाहिलेले नाही ते पाहिले नाही म्हणावे. पुजाऱ्याने असे बोलावे हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु श्रद्धा ही मुलास सत्यापासून दूर ठेवण्याचे साधन झाली, तर मोठेपणी ते मूल सत्याबरोबर श्रद्धेलाही पारखे होईल, अशी आमची समजूत आहे.

आता कोणी विचारील की, मग मुलांस रमवावयाचे नाही काय? रात्रंदिवस मृत्यूच्या गोष्टी सांगत बसावयाचे काय? तर तसे मुळीच नाही. उलट, त्या रडण्यानंतर मुलास जे काम मिळाले त्यानेच त्याला सावरले. ते काम हलव्याचे. हलवा कसा करतात हे भगिनींस सांगावयास नको. परंतु ज्या तरुणांस तो दुकानच्या पुडीतूनच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. साखरेचा पाक करून दुधाच्या चमच्याने त्यातील मळी काढावयाची. मंद निखाऱ्यावरील परातीत तीळ किंवा खसखस घ्यावयाची, त्यावर चमचाभर पाक सोडावयाचा, आणि बोटांच्या टोकांनी तो दाणा न् दाणा फिरवीत कोरडा करावयाचा. कोरडा झाला की पुनः चमचाभर. असे तासांमागून तास, दिवसांमागून दिवस. घाई केली की दाणे एकमेकांस चिकटतात. आच वाढली की साखर करपते. कोरड्या थंडीतच त्याला काटा चांगला फुटतो. म्हणून हा हिवाळ्याचाच उद्योग आहे.

मुलास निखाऱ्याजवळ बसू देणे शक्य नव्हते. तेव्हा वहिनींनी त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या व एकीत चिंचोके घातले. पाकाचा एक चमचा पडला की त्याने एक चिंचोका पहिल्या वाटीतून दुसरीत टाकावयाचा. किती चमचे झाले हे तोच सांगणार, आणि वहिनी त्याच्या हिशेबावर विसंबणार. देवाचे असल्यामुळे चाखून पाहण्याची सोय नव्हती, हे त्याने मोठ्या गांभीर्याने पाळले. काम चालू असता तो मधूनच विचारी, "आजी किती चमचे घालीत असे?" "आजीचे बोट भाजत नसे का?" वहिनी उत्तरे देत. कधी दोघे हसत, कधी वहिनींचे डोळे भरून येत; परंतु हात चालूच असत. १४ जानेवारी २०२१ रोजी देवास दागिने चढले. माळेतील मणी लहानमोठे होते, रखुमाईची नथ थोडी वाकडी झाली होती. अण्णांनी ती तशीच चढविली.

मोबाइलनेही मूल गुंतले होते, आणि चिंचोक्यांनीही गुंतले. मग अंतर कशात? आमच्या मते अंतर साधनात नाही. सारीपाट सात्त्विक आणि मोबाइल तामसी, असा सोपा निवाडा आम्ही देणार नाही. इंदूरच्या मामांबरोबरच्या भेंड्याही मोबाइलवरूनच झाल्या होत्या. अंतर यात आहे की, मोबाइल हाती देऊन आम्ही मुलापासून उठून जात होतो, आणि चिंचोके पुढे ठेवून वहिनी त्याच्याजवळ बसत होत्या. एका गुंतविण्यात प्रश्न बुजत होता. दुसऱ्यात प्रश्नास बोलावयास जागा मिळत होती. मुलास केवळ करमणूक नको असते; घराच्या खऱ्या कामात, आणि घराच्या खऱ्या दुःखातही, त्याला आपला वाटा हवा असतो. तो वाटा नाकारला, की मूल कितीही हसतखेळत दिसले तरी आत एकटेच असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इतक्या कोवळ्या वयास मृत्यूचे ज्ञान देणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. काय सांगावे, किती सांगावे, याला वयाची मर्यादा आहेच. इस्पितळातील नऊ दिवसांचे वर्णन अण्णांनी केले नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु न सांगितल्याने मूल अजाण राहते, ही कल्पना मात्र चुकीची आहे. मोठ्यांनी उत्तर दिले नाही तर मूल स्वतः उत्तर रचते, आणि ते बहुधा सत्याहून भयंकर असते. आजी मेली, यापेक्षा आजी गार फरशीवर बंद दाराआड अडकली आहे, हे क्रूर नव्हे काय? १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जी साथ आली, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत, तीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक लोक दगावले. आजींनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या गोष्टी आम्हास आमच्या लहानपणी, रजईत बसून, सरळ शब्दांत सांगितल्या होत्या. आम्ही त्याने भ्यालो नाही. कारण सांगणारे माणूस आमच्याजवळ बसले होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मुलाजवळ बसावयास वेळ कोणाला? ज्या घरी बाप रोजगार शोधीत हिंडतो, आई चार घरची कामे करते, किंवा एकाच खोलीत बसून कचेरीचे काम उरकते, त्या घरी मूल मोबाइलपाशी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा मातेस दूषण देणे पाप होय, आणि तसे करण्याचा आमचा हेतू स्वप्नातही नाही. स्वयंपाक व्हावा म्हणून, चार पैसे मिळावेत म्हणून, किंवा थकल्या जिवास घटकाभर विसावा मिळावा म्हणून मुलास गुंतवून ठेवणे, हे संसारातील ऋजू व्यवहाराचेच अंग आहे. आमच्याजवळ मात्र वेळ होता. त्या हिवाळ्यात आमच्याजवळ वेळाखेरीज दुसरे फारसे काही नव्हते. आमचा दोष व्यग्रतेचा नव्हता. तो धैर्याच्या अभावाचा होता. ज्याचे त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावे की, मुलास खेळणे देऊन आपण कामास जात आहोत, की त्याच्या प्रश्नापासून दूर जात आहोत.

त्या संक्रांतीनंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारी २०२१ रोजी, देशात लसीकरण सुरू झाले, आणि सर्वांस वाटले की संकट टळले. पुढे एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली व तिने आणखी कित्येक घरांतून माणसे नेली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. शाळा केव्हाच भरू लागल्या आहेत. मंदिरात तीर्थप्रसाद पूर्ववत मिळतो. परंतु त्या दिवसांत लागलेली एक सवय मात्र घराघरांतून उठलेली नाही. मूल गप्प झाले की आजही आपला हात प्रथम मोबाइलकडे जातो.

आमचा पुतण्या आता मोठा झाला आहे. दर संक्रांतीस हलव्याच्या वेळी चिंचोके मोजण्याचे काम त्याने आपल्या धाकट्या बहिणीकडे दिले आहे, आणि आजींच्या गोष्टी तिला तोच सांगतो. मध्यंतरी तिने त्याला विचारले की, देवाघरी म्हणजे कोठे? त्याने आमच्याकडे एकवार पाहिले, आणि तिला आपल्याजवळ बसवून घेतले.

प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलापाशी बसावयाचे बळ विठुराया सर्वांस देवो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.